अमीनाबादच्या गच्चीवरून सारसाच्या शेताकडे

लखनौला आलेला मराठी माणूस अमीनाबादला एक फेरी मारल्याशिवाय परत जात नाही. चिकनचे कुर्ते, गडबडझाल्यातल्या बांगड्या, टुंडेंचे कबाब, फालूदा घातलेली कुल्फी, सगळं त्याच्या यादीत असतं. अवधचा बादशहा अमजद अली शाह १८४२ ते १८४७ या काळात गादीवर होता. त्याचा वजीर इमदाद हुसेन खान याचा किताब अमीनुद्दौला, आणि त्यावरून या बाजाराला अमीनाबाद हे नाव मिळालं. लग्न होऊन मी या मोहल्ल्यात आले, इथल्या मुलींना प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तही इथेच झाले. पाहुण्यांना बाजार दाखवून झाला की माझा एक आग्रह ठरलेला असतो : दोन दिवस जास्त राहा आणि माझ्याबरोबर उन्नाव, हरदोई, रायबरेलीच्या खेड्यांत चला.

तिथे काय आहे, असं पाहुणे विचारतात. डोंगर नाहीत, समुद्र नाही, नाव घ्यावं असा मोठा किल्ला नाही. भात, गहू, मोहरी, बटाटा आणि मेंथा पिकवणारा हा सपाट मुलूख. पण या शेतांच्या मधोमध उथळ पाण्याचे ताल आणि झिली पसरल्या आहेत, आणि हिवाळ्यात त्यांच्यावर हजारो पक्षी उतरतात. आज त्या झिलींवर सरकारी फलक आहेत, निरीक्षण मनोरे आहेत, तिकिटं आहेत. फलकांवरचा इतिहास १९८४ पासून सुरू होतो. खरा इतिहास त्याहून फार जुना आहे, आणि त्याची एक वाट आमच्या अमीनाबादच्या गच्च्यांवरून जाते. या मुलखातल्या पक्ष्यांवर लिहिलं ते शौकिनांनी आणि साहेबांनी. पक्षी टिकवले मात्र ज्यांनी एक ओळही लिहिली नाही अशा शेतकऱ्यांनी. ही गोष्ट नीट सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

आधी शौकिनांविषयी. आमच्या मागच्या गच्चीवर एका उंच काठीला बांबूच्या कामट्यांची चौकोनी छतरी बांधलेली आहे. संध्याकाळी शेजारचे चच्चा तिथे उभे राहून शीळ घालतात आणि गोला जातीच्या कबुतरांचा थवा नजीराबादच्या वर एक मोठी चक्कर घेऊन त्या छतरीवर उतरतो. मी एकदा त्यांना विचारलं, ही परत येतात तरी कशी? चच्चा म्हणाले, "बिटिया, भूखा उड़ाओ, दाना दिखाकर बुलाओ." कबूतरबाजीचं सगळं शास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगितलं. गोला थव्याने उडतात. गिरहबाज एकेकटे फार उंच जातात आणि तासन् तास आकाशात राहतात. लक्का आणि शिराजी उडवायला नसतात, ते देखणे म्हणून पाळायचे.

या शौकाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६). जुन्या लखनौच्या राहणीवर त्यांनी 'दिलगुदाज' या आपल्या मासिकात जी लेखमाला लिहिली, ती पुढे 'गुजिश्ता लखनौ' या नावाने प्रसिद्ध झाली. १८५६ मध्ये इंग्रजांनी वाजिद अली शाहला पदच्युत केलं. तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिला आणि तिथे त्याने एक छोटं लखनौच वसवलं. शररांचं बालपण त्या मटियाबुर्जमध्ये गेलं. ते लिहितात की रेशमासारख्या पंखांच्या कबुतरांच्या एका जोडीसाठी बादशहाने २४ हजार रुपये मोजले आणि पांढऱ्या मोरांच्या जोडीसाठी ११ हजार. राज्य गेल्यानंतरची ही खरेदी आहे. पक्ष्यांचं वेड या दरबाराच्या किती आत मुरलं होतं ते यावरून समजतं.

कबुतरं पाळलेली असत, पण झुंजीच्या बटेरा, म्हणजे आपण ज्यांना लावे म्हणतो ते, शेतातून येत. घागस आणि चिनक अशा त्यांच्या दोन जाती शररांनी सांगितल्या आहेत. घागस हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन रब्बीच्या पिकांत उतरतो, तर चिनक पावसाळ्यात गवतातून ओरडत असतो. पकडलेल्या बटेरीला आधी तासन् तास मुठीत धरून ठेवायचं. मग तिला उपाशी ठेवून अंगावरची चरबी उतरवायची. रात्री जागं ठेवून कानाशी 'कू' असा आवाज करायचा, म्हणजे तिचा रानटीपणा जातो. मग चाकूने चोच तासून तिला झुंजीला उतरवायचं. शररांनी हे सगळं बारकाव्यांनिशी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ते कळतं. पण वाचताना माझं लक्ष वारंवार एका न लिहिलेल्या माणसाकडे जातं : ती बटेर पहाटेच्या दवात, गव्हाच्या बांधावर कुणी पकडली?

पकडली बहेलियांनी. आपल्याकडे जसे फासेपारधी, तसे अवधात बहेलिये. बोलक्या बटेरीचा पिंजरा रात्री शेतात टांगायचा. तिच्या आवाजाला भुलून वरून जाणाऱ्या बटेरा खाली उतरतात, आणि उजाडायच्या आत त्यांना हळूहळू जाळ्याकडे हाकलायचं. झाडावरच्या पक्ष्यांसाठी त्यांचं दुसरं साधन होतं. वड, पिंपळ, उंबर यांचा चीक तेलाबरोबर शिजवला की लासा तयार होतो. बांबूच्या नळ्या एकात एक खोवून केलेल्या लांब काठीच्या टोकाला तो लासा लावायचा आणि पानांच्या आडून काठी इतकी सावकाश वर सरकवायची की पक्ष्याला पान हलल्याचाही संशय येऊ नये. कुठला पक्षी कुठल्या महिन्यात, कुठल्या पिकात, दिवसाच्या कुठल्या प्रहरी सापडतो, हे या लोकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शिकवलेल्या एकाही पुस्तकात त्यांचं ते ज्ञान आलेलं नाही.

त्यांचा माल चौकाजवळच्या नखासच्या बाजारात यायचा. लाल मुनिया, पहाडी पोपट, तित्तर, बटेर असे पिंजऱ्यांचे थर तिथे लागत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि मग १९९१ च्या दुरुस्तीने देशी पक्ष्यांचा व्यापार कायद्याबाहेर गेला. तो पूर्ण थांबला असं म्हणता येत नाही. वन विभागाच्या धाडींत पोपट आणि मुनिया अजूनही सापडतात. कायदा योग्यच होता. पण ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या हाच धंदा होता, त्यांच्या डोळ्यांचा आणि कानांचा पक्ष्यांच्याच राखणीसाठी उपयोग करून घ्यायला हवा होता. फार थोड्या ठिकाणी तसं झालं.

दरबारानंतर साहेब आले. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८५६ पासून १८६७ पर्यंत इटाव्याला कलेक्टर होता. १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला तोच हा ह्यूम. भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासाची पायाभरणी त्याने केली. १८७२ मध्ये त्याने 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक सुरू केलं. त्यातच १८८१ साली जॉर्ज रीड याची लखनौ विभागातल्या पक्ष्यांची लांबलचक यादी छापली गेली. पुढे १९०२–०३ मध्ये विल्यम जेस याने 'आयबिस' या इंग्लंडमधल्या नियतकालिकात लखनौच्या पक्ष्यांची आणखी एक यादी दिली. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी या शेतांत काय दिसत होतं हे आज आपल्याला या याद्यांमुळे कळतं, आणि त्यासाठी मी या माणसांची ऋणी आहे.

पण त्यांचं पक्षीनिरीक्षण बंदुकीच्या नळीतून चाले. पक्षी पाडायचा, कातडं भरायचं, अंडी फुंकून पेटीत ठेवायची. ह्यूम आणि मार्शल यांचा १८७९ ते १८८१ या काळात निघालेला तीन खंडांचा मोठा ग्रंथही शिकारीच्या पक्ष्यांवरचाच आहे. ह्यूमच्या सिमल्याच्या घरातून त्याची अनेक वर्षांची हस्तलिखितं एका नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. त्या धक्क्यानंतर त्याने हे काम सोडलं आणि आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. आयुष्याच्या उत्तरार्धात तो शाकाहारी झाला आणि शिकारही त्याने सोडली. दरबाराला पक्षी झुंजीला हवा होता, साहेबाला संग्रहाला. दोघांनाही तो मिळत राहिला, कारण शेताच्या कडेला पाणी होतं.

ते पाणी कसं टिकलं, हा माझ्या मते या इतिहासाचा गाभा आहे. अवधच्या पुष्कळ झिली म्हणजे गंगा, गोमती, सई या नद्यांनी सोडून दिलेली जुनी पात्रं. पावसाळ्यात ती भरतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एच. आर. नेव्हिल याने जिल्ह्याजिल्ह्याचे गॅझेटियर तयार केले : उन्नाव १९०३, हरदोई १९०४, रायबरेली १९०५. त्यांत झिलींचा उल्लेख ठायी ठायी येतो आणि तो प्रामुख्याने सिंचनाचं साधन म्हणून. समोरासमोर उभे राहून दोघेजण दोरांना बांधलेली टोपली झोके देत पाण्यात बुडवायचे आणि वरच्या पाटात रिकामी करायचे. असं पाणी एकावर एक टप्प्यांनी चढवून शेत भिजवलं जाई. गव्हाचं पाणी झिलीतून येणार असेल तर गाव ती बुजू देत नाही. शिवाय त्याच पाण्यात शिंगाडा लागतो, कमळकाकडी निघते, मासे मिळतात, आणि काठच्या दलदलीत आपोआप उगवणारा तिन्नीचा तांदूळ झोडपून गोळा करता येतो. अमीनाबादच्या वाण्याकडे नवरात्रात उपासाचा म्हणून जो तिन्नी विकत मिळतो, तो याच झिलींच्या काठचा. पाणकोंबड्या आणि बदकं जिथे चरतात त्याच चिखलात तो पिकतो.

१९२८ मध्ये शारदा कालवा सुरू झाला. मग विहिरी आणि कूपनलिका वाढल्या. झोक्याची टोपली गेली आणि तिच्याबरोबर झील राखण्याची गरजही कमी झाली. कितीतरी ताल नांगराखाली गेले, तर काही जलपर्णीने भरून गेले. जे उरले त्यांतले काही सरकारने राखीव केले. लखनौ-कानपूर रस्त्यावरचं नवाबगंज १९८४ साली अभयारण्य झालं, रायबरेलीचं समसपूर १९८७ साली आणि हरदोईचं सांडी १९९० साली. ज्या कालव्यामुळे सिंचनासाठी झिलींची गरज कमी झाली, त्याच शारदा कालव्याचं पाणी आज पाऊस कमी पडला की नवाबगंजच्या झिलीला पुरवलं जातं.

तिन्ही ठिकाणं एकमेकांहून वेगळी आहेत. नवाबगंज लखनौपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, पसारा जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. २०१५ पासून त्याला चंद्रशेखर आझादांचं नाव आहे, कारण त्यांच्या घराण्याचं बदरका हे गाव याच उन्नाव जिल्ह्यात येतं. झिलीभोवती पायवाट आहे, मनोरे आहेत; लहान मुलांना घेऊन जायला याहून सोयीची जागा नाही. जानेवारीत तिथे तलवार बदकं, थापट्या आणि मोठी लालसरी एकाच पाण्यावर दिसतात, आणि काठाच्या वेलींवरून कमळपक्षी लांब बोटं पसरून चालत असतो. समसपूर म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सहा झिली. तिथे गणनेत ७५ हजारांहून अधिक पाणपक्षी नोंदले जातात. सांडीच्या झिलीला लोक दहर झील म्हणतात. तिथे २०१८ साली ४० हजार पक्षी मोजले गेले आणि सारसांची संख्या दोनशेच्या घरात होती.

२८ जानेवारी २०२० रोजी भारतातली दहा ठिकाणं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं. त्यांत उत्तर प्रदेशातली सहा होती : नवाबगंज, समसपूर, सांडी, इटाव्याची सरसई नावर, मैनपुरीची समान आणि गोंड्याची पार्वती अर्गा. त्याच यादीत महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ होतं, निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर. ते वाचून मला फार आनंद झाला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर शेतीला पाणी द्यायला बंधारा बांधला, गाळ साचला, दलदल झाली, पक्षी आले आणि १९८६ साली अभयारण्य झालं. माहेरचं आणि सासरचं पाणी एकाच दिवशी एका यादीत आलं, आणि दोन्हीकडे कारण एकच : शेतीसाठी अडवलेलं किंवा राखलेलं उथळ पाणी.

अवधचा सर्वांत मोठा पक्षी मात्र अभयारण्याच्या कुंपणात मावत नाही. सारस उभा राहिला तर माणसाच्या उंचीचा होतो. उडणाऱ्या पक्ष्यांत त्याच्याहून उंच जगात दुसरा नाही. तो उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी आहे आणि या राज्यात त्याची संख्या अलीकडच्या गणनांत सुमारे २० हजार भरते. वाल्मीकींनी तमसेच्या काठी पाहिलेला क्रौंच म्हणजे सारसच, असं अनेक अभ्यासक मानतात. बादशहा जहांगीरने लैला-मजनू नावाची सारसांची जोडी पाळली होती. नर-मादी आळीपाळीने अंडी कशी उबवतात याचं त्याने केलेलं वर्णन आजच्या निरीक्षकालाही मान्य होईल इतकं नेमकं आहे.

सांडीच्या वाटेवर ऑगस्टमध्ये भाताच्या खाचरात मी सारसाचं घरटं दुर्बिणीतून पाहिलं. घोटाभर पाण्यातून वर आलेला पेंढा आणि लव्हाळ्यांचा ढीग, हातभर रुंदीहून बराच मोठा. त्यावर दोन अंडी, मळकट पांढरी, फिकट तपकिरी ठिपक्यांची. मादी उठली, चोचीने दोन्ही अंडी हलकेच फिरवली आणि बाजूला झाली. नर पुढे आला, पण लगेच बसला नाही. दोघांनी माना वर केल्या आणि साद घातली, नराच्या एका लांब हाकेला मादीच्या दोन आखूड हाका. तो आवाज कानात नव्हे, छातीत वाजतो. मग नर गुडघे मोडून बसला. घरट्याभोवती दोन-तीन हात रुंदीची भाताची रोपं तुडवली गेली होती. शेताचा मालक बांधावर उभा होता. मी नुकसानीचं विचारलं, तर म्हणाला, "दीदी, जब तक बच्चा न निकले, हम इधर दवा नहीं छिड़केंगे." नुकसानीबद्दल तो काहीच बोलला नाही.

असे शेतकरी एकटेदुकटे नाहीत. इटावा-मैनपुरीच्या शेतांत के. एस. गोपी सुंदर यांनी वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून हेच दिसलं की दाट वस्तीच्या, सलग पेरलेल्या मुलखातही सारस जगतो, पिल्लं वाढवतो. आणि याचं मोठं कारण शेतकऱ्यांचा दृष्टिकोन आहे. सारसाची जोडी फोडणं पाप, ही समजूत इथे घराघरात आहे. सरसई नावरच्या झिलीला नावच सारसावरून मिळालं आहे. जवळच्या हजारी महादेवाला हजारो भाविक येतात आणि त्याच झिलीत चारशेपर्यंत सारस एकत्र दिसतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही तेच चित्र आहे, फक्त आकडे फार लहान. मालगुजारी तलाव आणि धानाची शेती यांच्या आधाराने तिथे सारस उरले आहेत, चाळिशीच्या आत. गावकरी आणि स्वयंसेवक उन्हाळ्याच्या शेवटी पहाटे बांधावर बसून ते मोजतात. मारुती चितमपल्लींनी ज्या नवेगावबांधच्या पाण्यावर आपल्याला पक्षी बघायला शिकवलं, तो हाच मुलूख.

आज सारसाला धोका जाळ्याचा किंवा बंदुकीचा राहिलेला नाही. खाचराच्या कडेचा खड्डा बुजवला जातो, तिथे वीटभट्टी येते, शेतावरून विजेच्या तारा जातात आणि संध्याकाळी परतणारा सारस त्यांना धडकतो. कीटकनाशकांची मात्रा वाढते आहे. अभयारण्यात मनोरा बांधून यातलं काहीच थांबणार नाही. सारसाचं घरटं ज्याच्या शेतात आहे त्याला त्या तुडवलेल्या रोपांची भरपाई वेळेवर आणि अर्जविनंत्यांशिवाय मिळाली पाहिजे, आणि गावचा ताल महसुलाच्या कागदावर ताल म्हणूनच राहिला पाहिजे. या दोन गोष्टी मला कुठल्याही सुशोभीकरणाहून जास्त महत्त्वाच्या वाटतात.

म्हणून लखनौला येणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाला माझी विनंती आहे. अमीनाबाद जरूर पाहा, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आलात तर एक पहाट नवाबगंजला किंवा सांडीला द्या. पावसाळ्यात आलात तर रस्त्यावरूनच भाताची खाचरं न्याहाळा. सारस दिसला तर दुर्बिणीतून पाहा, घरट्याजवळ जाऊ नका. वाटेत शिंगाडे विकणाऱ्याकडून शिंगाडे घ्या; त्याचं पोट झिलीवर चाललं तर झील राहील. पुण्य मिळेल म्हणून पिंजऱ्यातली मुनिया विकत घेऊन सोडू नका. तुम्ही एक सोडलीत की तिच्या जागी दुसरी पकडली जाते. आणि परतण्याआधी बांधावरच्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोला, त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव तुमच्या नोंदवहीत लिहा. अवधच्या पक्ष्यांच्या इतिहासात नवाबांची आणि साहेबांची नावं आधीच आली आहेत. यापुढे त्यात त्याचं नाव यायला हवं.